इंजनाची खांदमळणी

शिवानंदनं दोर ओढला की इंजन एकदा फाट्कन वाजायचं आणि दोर उलटा हिसका देऊन त्याचा हात आत खेचायचा. सकाळपासनं हाच खेळ. तळहाताला फोड आला, फुटला, त्यावर फडकं गुंडाळलं, फडक्याला रगत लागलं, तरी इंजन आपलं जाग्यावर ढिम्म. त्याची आई रुद्रम्मा बांधावर उभी राहून बघत होती.

"आरं लेकरा, जरा दम खा," ती म्हणाली. "हात जाईल एखाद्या टायमाला."

"हात जाऊ दे अव्वा. वाफसा जायलाय, त्येचं काय?"

पोराचं खोटं नव्हतं. झडीनं रान असं भिजवलं होतं की आत पाय ठेवायची सोय नव्हती, आणि तोवर सोयाबीनच्या डोक्यावर तण चढून बसलं. केना, हराळी, लोणा, सगळी पिलावळ. बुधवारी ऊन पडलं. काळ्या रानाला वाफसा यायला दोन दिवस लागले, आणि आता कुठं माती पायाला चिकटायची थांबली तर हे इंजन रुसलं. कोळपणीसाठी घेतलेली ही दोन चाकाची मशीन. दांडा धरून मागनं चालायचं, पुढं इंजनाच्या जोरावर पाती फिरतात आणि ओळीतलं तण उलथून टाकतात. आज शनिवार. उद्या सांजेपासनं परत पाऊस म्हणून मोबाइलवर येत होतं. आणि सोमवारी वीरप्पा येणार होता.

वीरप्पा म्हणजे रानाचा मालक. मुरुमच्या बाजारात त्याची आडत. शिवानंद पाळण्यात होता तेव्हापासनं रुद्रम्मा आणि तिचा नवरा धोंडप्पा हे रान बटईनं, म्हणजे पिकाच्या वाट्यावर, करत आले होते. स्वतःचं म्हणाल तर माळावर एक मुरमाड तुकडा, त्यात कुसळंसुद्धा धड येत नाहीत. या रानातले दगड रुद्रम्मानं डोक्यावर वाहिले होते. रस्त्याकडेचा सगळा बांध त्याच दगडांचा. मागच्या बाजाराच्या दिवशी वीरप्पानं रस्त्यावर गाडी थांबवली आणि काचेतनंच म्हणाला, "रुद्रम्मा, हे रान हाय का गायरान? सोमवारी ह्याच रस्त्यानं उमरग्याला जाणार हाय मी. तवर साफ दिसलं तर बरं, न्हायतर पुढच्या सालाला दुसरा बघतो. ट्रॅक्टरवाले मागं लागलेत माझ्या."

तेव्हापासनं रुद्रम्मा दारोदार फिरत होती. खुरपायला बायका बघाव्यात, तर सगळ्यांच्याच रानात एकदम तण माजलेलं. गावातल्या टोळ्या टेंपोत बसून लांबलांब उक्त्या कामाला, ठेक्यानं गेलेल्या. तणनाशक मारायची वेळ होती तेव्हा शिवानंदच म्हणाला होता, दारात मशीन असताना औषध कशाला. आता मारावं तर पीकच जळणार.

शिवानंदनं काही करायचं बाकी ठेवलं नव्हतं. प्लग घासला, इंजनाला टेकवून ठिणगी बघितली. ठिणगी निळी, चटचटीत. पेट्रोलमध्ये पाणी गेलं असंल म्हणून टाकी ओतून नवं पेट्रोल टाकलं. कार्बोरेटर खोलून फुंकला. त्याच्या बायकोनं, शिवलीलेनं, फिल्टरचा स्पंज साबणानं धुऊन चुलीपाशी वाळवून आणला. एवढं झाल्यावर इंजन एकदाचं सुरू झालं, थोडं पुढं गेलं, खोकलं, कार्बोरेटरमधनं फटाफट उलटं वाजलं आणि बंद पडलं. हात लावावा तर तव्यागत तापलेलं.

लिंबाखाली धोंडप्पा बसला होता. तो काही उठून आला नाही. घरात मशीन आल्यापासनं त्यानं तिच्या दांड्याला हात लावला नव्हता. "बैलाला च्च केलं की वळतंय, ह्येला काय म्हनू?" असं म्हणायचा. बैल म्हातारे झाले, कडबा मिळेना, म्हणून विकावे लागले. ते गेले त्या दिवशी हा माणूस दावणीपाशी बसून राहिला होता, आणि मग घरात मशीन आली.

"तुमी तरी काय सांगा की," रुद्रम्मा नवऱ्यावर खेकसली.

"मला काय कळतंय त्यातलं," धोंडप्पा म्हणाला आणि पायाच्या अंगठ्यानं माती उकरत राहिला.

मग ती एकटीच दगडोबाकडं निघाली. गावात आता बोटावर मोजण्याइतक्या बैलजोड्या राहिल्यात, त्यातली एक दगडोबाची. तो शेजारच्या पट्टीत कोळपं धरून होता. तिनं बांधावरनं हाक मारली. धरलेली ओळ, ते तास, संपेपर्यंत त्यानं बघितलंसुद्धा नाही.

"भावजी, आजच्या दिस जोडी द्या. पाया पडते तुमच्या."

"जोडी कुठं मोकळी हाय वैनी? मंगळवारपातूर बांधलेली हाय लोकास्नी."

"मंगळवारी काय उपेग? सोमवारी रान जातंय आमचं."

दगडोबानं बैलांच्या पाठीवर हात फिरवला. "तुमचा शिवानंद चावडीवर काय म्हनला व्हता, आठवतंय का? बैल सांभाळायचे म्हंजी जन्मभर शेन काढत मरायचं. आता आमी शेन काढनारी मानसं. तुमचं सायबाचं काम आमच्या बैलास्नी कसं जमायचं?"

रुद्रम्माची मान खाली गेली. पोरानं तसं म्हटलं होतं, आणि तेव्हा तीसुद्धा पदरात तोंड घालून हसली होती. "लेकरू हाय वो," एवढंच ती म्हणाली. दगडोबानं बैल वळवले. चहा घेऊन जावा म्हणाला, एवढं मात्र रीतीनं म्हणाला. ती थांबली नाही.

दुपारी माय-लेक इंजन घेऊन मुरुमला निघाले. चार बोल्ट काढून इंजन सुटं केलं, पोत्यात गुंडाळलं, आणि फटफटीवर मागं बसलेल्या रुद्रम्माच्या मांडीवर ठेवलं. खड्डा आला की मांडीत रुतायचं. पेट्रोल झिरपून लुगड्याला वास लागला, मांडीची आग व्हायला लागली. पण तिनं दोन्ही हातांनी कवटाळून धरलं होतं. शिवानंदला लहानपणी ताप आला तेव्हा त्याला असंच मांडीवर घेऊन याच रस्त्यानं आली होती ती.

गफूर मिस्त्रीच्या दुकानापुढं मशीनींची रांग लागलेली. फवारणीचे पंप, कोळपणीच्या मशीनी, आणि एकेका मशीनीमागं तोंड वाळलेला एकेक माणूस.

"मंगळवारी या," मिस्त्री मान वर न करता म्हणाला.

जो तो मंगळवारच सांगत होता. रुद्रम्मानं इंजन खाली ठेवलं आणि तिथंच मातीत बसकण मारली. "मिस्त्रीभाऊ, म्या उठनार न्हाय हितनं. नुस्तं बघा तरी."

"मावशी, ही सगळी मंडळी काय मला ववाळायला आलीत का? न्हाय उघडता येनार आज." पण बाईचं तोंड बघून त्याचा हात जरा थांबला. शिवानंदकडं वळून त्यानं विचारलं, "दोर उलटा हिसका देतो काय रे?"

"देतो. हात सोलून निघालाय बघा."

"कार्बोरेटरमधनं फाटफाट? दम न्हाय, आन् गरम लई व्हतंय?"

"व्हय, व्हय."

"मंग टायमिंग गेलंय. ठिनगी पडती, पर टायमाच्या आधी पडती. पिस्टन वर चढायच्या आतच भडका उडतो, मंग त्यो पिस्टनला उलटा ढकलतो. पात्याला दगड लागला व्हता का?"

लागला होता. वाफसा आल्याबरोबर काल बांधाकडेच्या पहिल्याच तासात पातं दगडाला अडकून इंजन धाडकन बंद पडलं होतं. तेव्हापासनंच हे दुखणं.

"तर मंग शाफ्ट थांबला आन् चाक जरा पुढं सरकलं. मधी एक चावी असती बारकी, ती कापली गेली असंल. घरी जाऊन फॅनचं झाकन खोल. पर दगडानं एवढ्यात चावी कापत न्हाय हां. चाक शाफ्टला घट्ट धरून असतंय. का सुटलं ते बी बघ." त्यानं डबा धुंडाळला. त्या मापाची चावी नव्हती, सोमवारी सोलापूरहून येणार होती. "मऊ धातूची घासून बसव. खिळा-बिळा ठोकशील तर शाफ्टच जाईल, सांगून ठेवतो."

परत येताना तेच इंजन तिला निम्म्या वजनाचं वाटलं. रोगाचं नाव कळलं की निम्मं दुखणं जातं म्हणतात, तसं. रान हातचं गेलेलं नाही, एवढंच ती मनात घोकत होती.

रविवारी उजाडल्याबरोबर अंगणात पोतं अंथरून शिवानंदनं झाकण खोललं. आतल्या जड चाकाची चक्की, त्यावरचा नट, त्यानं पान्यानं हलवली तर ती बोटानं फिरायला लागली. चाक ठोकून, पुलर लावून काढावं लागतं. ते नुसतं हातात आलं. चावी दोन तुकडे होऊन खाली पडली. आणि चाक जिथं बसतं तो शाफ्टचा निमुळता भाग पिवळाधम्मक होता. शिवानंदनं बोट फिरवलं. बोटाला तेलकट पिवळं लागलं. त्यानं वास घेतला.

"हळद?" तो म्हणाला. "तूप? अव्वा, इंजनात तूप कुठनं आलं?"

 रुद्रम्माला कारहुणवीच्या, बैलांच्या सणाच्या, आदल्या दिवसाची सांज आठवली. शिवानंद बायकोला घेऊन सासुरवाडीला गेलेला. शेजारच्या दावणीला खांदमळणी चाललेली, बैलांचे खांदे ऊन पाण्यानं शेकून हळद-तूप चोळणं चाललेलं. आपल्या रिकाम्या दावणीपुढं धोंडप्पा बराच वेळ उभा राहिला, आणि मग मशीनीपाशी जाऊन बसला. म्हणाला, "वाटीत हळद-तूप आन गं. वरीसभर ह्येनंच वढलंय आपल्यासाठी." तिला इतकं बरं वाटलं होतं! म्हटलं, चला, माणसाचं मन एकदाचं मशीनीवर बसलं. पोरानं एकदा ते झाकण खोललेलं धोंडप्पानं बघितलं होतं. त्यानं पाने घेतले, झाकण काढलं, टिकोऱ्यानं ठोकून ठोकून चाक काढलं. "एवढं जड चाक ज्याच्यावर बसतंय, त्योच त्येचा खांदा," असं म्हणून त्यानं दोन्ही हातांनी शाफ्टला तूप चोळलं, निगुतीनं चाक परत बसवलं, आणि बैलाच्या कानात सांगतात तसं इंजनाला वाकून सांगितलं, "आज आवतन घ्या, उद्या जेवायला या." वाटी रुद्रम्मानंच धरली होती.

"अप्पा!" शिवानंद ओरडला. "हे तुमी केलंय व्हय?"

धोंडप्पा ओट्यावर उभा होता. "खांदमळनी केली व्हती," तो हळूच म्हणाला.

"खांदमळनी? बैल हाय का हे? चाक कोरडं बसावं लागतंय तिथं, कोरडं! तुपानं चाक सुटलं, चावी कापली! दोन दिस मी हात फोडून घेतोय आन् तुमी लिंबाखाली बसून मजा बघताय! रान जातंय अप्पा, तुमच्या त्या तुपापायी रान जातंय!"

शिवलीला दारातनं आत गेली. सासऱ्याचं तोंड बघवेना तिला.  लेकाकडनं असं ऐकून घ्यायची वेळ धोंडप्पावर कधी आली नव्हती.

"वाटी म्या दिली व्हती," रुद्रम्मा म्हणाली. "बोलायचं तर मला बी बोल. आन् बोलून झालं असंल तर चावीचं बघ. आभाळ काय तुझ्या शिव्या सरायची वाट बघत थांबनार न्हाय."

चावी कशाची करायची? तिनं फळीवरनं जर्मनचं, मऊ ॲल्युमिनियमचं, पातेलं काढलं, दगडावर ठेवून त्याचा जाड कान ठोकून पाडला. शिवानंदनं कानस घेतली, पण फुटलेल्या तळहातात मूठ बसेना; दोनदा घासलं की रगत यायचं. तेव्हा धोंडप्पा ओट्यावरनं उतरला, लेकाच्या हातातनं कानस काढून घेतली आणि खाली बसला. जुन्या चावीचे दोन तुकडे जोडून माप घ्यायचा आणि घासायचा. फुंकर मारायचा, माप घ्यायचा, परत घासायचा. घामाचे थेंब नाकावरनं त्या तुकड्यावर पडत होते.  शिवानंदनं पेट्रोलच्या बोळ्यानं शाफ्ट आणि चाकाचं भोक पुसलं, वाळवलं, परत पुसलं. पिवळा डाग गेला तरी तो पुसतच होता.

दुपार कलता कलता चावी खाचेत बसली. चाक बसलं. चक्की आवळली. कॉइल आणि चाकाच्या मधी लग्नपत्रिकेचा तुकडा धरून फट नेमकी केली. इंजन रानात नेऊन मशीनीवर चढवलं. दोर शिवलीलेनं ओढला, कारण नवऱ्याची मूठ वळत नव्हती. पहिल्या ओढीला काही नाही. दुसऱ्या ओढीला इंजन असं गरजलं की लिंबावरचे कावळे उडाले.

"आगं बया!" रुद्रम्मा ओरडली, आणि तिला रडूच फुटलं. पदरानं डोळे पुसून तिनं वर बघितलं. खालच्या अंगाला आभाळ काळंकुट्ट होऊन आलं होतं. सगळं रान आता होणार नव्हतं, हे आंधळ्यालाही दिसलं असतं.

शिवानंदनं दांडा धरला. इंजनाच्या हादऱ्यानं त्याचा हात आपोआप सुटला. परत धरला, परत सुटला. तेव्हा धोंडप्पा पुढं झाला, लेकाला बाजूला सारलं आणि घरात मशीन आल्यापासनं पहिल्यांदा त्यानं दांड्याला हात घातला.

"रस्त्याकडनं धरा!" रुद्रम्मानं सांगितलं. "वीरप्पाण्णा रस्त्यावरनंच बघणार. तिकडची पट्टी साफ दिसली की झालं!"

धोंडप्पानं मशीन वळवली ती उताराला, ओढ्याकडं. ओढ्याकडचं रान खोल मातीचं. तिथलं सोयाबीन सगळ्यात जोमदार, आणि तणही तिथंच सगळ्यात दाट.

"अवो! तिकडं कुठं? रस्त्याकडं!" ती मशीनीच्या बाजूनं पळत सुटली. इंजनाच्या आवाजात तिचं तिलाच ऐकू येईना. "रान जाईल! कळतंय का न्हाय तुमास्नी? रान जाईल आपलं!"

"खालचं पीक मरायलंय!" धोंडप्पा तिच्याकडं न बघता ओरडला. "श्वास बी घेता येईना झालाय त्येला! दिसत न्हाय व्हय तुला? वरचं हलकं रान हाय, त्येला काय लागनार हाय?"

"पिकाचं बघून मालक रान देनार हाय का?"

त्यानं ऐकलं की नाही कुणास ठाऊक. दांडा दाबून तो ओळीत शिरला. तण उलथून मागं पडत गेलं आणि मधनं सोयाबीनची हिरवी ओळ मोकळी झाली. वळणावर त्यानं तोंडानं च्च केलं, मशीन वळवली आणि परत आत शिरला. शिवानंद बांधावर हात धरून उभा होता. बाप किती सरळ तास धरतोय ते तो बघत राहिला. रुद्रम्मा मात्र कपाळाला हात लावून मातीत बसली. आयुष्यभर या माणसानं तिचं ऐकलं, आणि आज नेमकं ऐकलं नाही.

पहिले थेंब आले तेव्हा ओढ्याकडची पट्टी संपत आली होती. मग पाऊस असा कोसळला की मशीन ओढून झाडाखाली आणायला चौघं लागली.

सोमवारी फटफटायच्या आत रुद्रम्मा रस्त्याकडेला खुरपं घेऊन बसली होती. पाऊस थांबलेला, पण रानात घोट्याएवढा चिखल. तण उपटावं तर मातीचा गड्डा घेऊन यायचं, त्याच्याबरोबर सोयाबीनचं रोपही. तिनं चार हाताची जागा साफ केली. बाकीची सगळी पट्टी केन्यानं हिरवीगार, रात्रीच्या पावसानं आणखीच तरतरीत.

गाडी आली, थांबली. काच खाली झाली. वीरप्पानं रान बघितलं, चिखलात बसलेल्या रुद्रम्माला बघितलं.

"सांगितलं व्हतं मी," तो म्हणाला.

"अण्णा, मशीन बिघडली व्हती. देवाशप्पत. ओढ्याकडचं सगळं कोळपलंय बघा, लई निर्मळ झालंय, असं पीक गावात न्हाय. एकडाव उतरून बघा की. ह्या बांधावरनं दिसतंय."

वीरप्पानं दार उघडलं, खाली चिखल बघितला आणि परत ओढून घेतलं. आवाज चढवला नाही त्यानं. उलट समजावून सांगितल्यासारखा बोलला. "तिथपातूर कोन जातंय बघायला, रुद्रम्मा? येनारा जानारा रस्त्यावरनं बघतोय. मला इचारत्यात लोक, वीरप्पा, रान पडीक टाकलंय का? लाज माझी जाती." जरा थांबून तो म्हणाला, "औंदाची रास करून घ्या. तुमच्या वाट्याचं तुमाला मिळंल. पुढं मग मोकळं करा."

"अण्णा, शिवानंद पाळण्यात व्हता तवापासनं…"

काच वर गेली. गाडीच्या चाकानं उडवलेला चिखल तिच्या लुगड्यावर आला.

ती उताराला निघाली. मनात शिव्या गोळा करतच निघाली. या माणसाला आज सोडायचं नाही. धोंडप्पा ओढ्याकडच्या ओळीत उभा होता. काल कोळपलेलं तण रात्रीच्या पावसानं काही ठिकाणी परत धरू बघत होतं, ते तो वेचून बांधावर टाकत होता. पीक मात्र असं उभं होतं, की बघत राहावं.

"गेलं रान," ती म्हणाली. "पुढच्या सालापासनं मोकळं करा म्हनला."

धोंडप्पाच्या हातातलं तण हातातच राहिलं. "हे बघितलं का त्येनं?"

"उतरलाच न्हाय. पायाला चिखल लागंल म्हनून."

धोंडप्पानं हातातलं तण बांधावर टाकलं.

"रस्त्याकडनं धरा म्हनून ऊर फुटस्तवर वरडले म्या," ती म्हणाली, आणि मग शिव्या आल्याच नाहीत, नुसता हुंदका आला. "ह्या रानातले दगड म्या वाह्यलेत वो. ह्या डोक्यावर. त्यो बांध बघा, त्यो माझा हाय. त्येला कुठं ठिवू आता मी?" ती ओळीतच खाली बसली आणि मोठ्यानं रडली. वर झाडाखाली शिवलीलेनं मशीनीचा चिखल पुसायचा थांबवला. धोंडप्पा जवळ आला, पण तिला कसं धरावं ते त्याला कळेना. चिखलाचा हात तिच्या पाठीपर्यंत नेला आणि मागं घेतला.

मग तो म्हणाला, "ऊठ. वरची पट्टी राहिली."

"आता वरची कशाला? कुणासाठी?"

"त्यो म्हनला न्हवं, येनारा जानारा रस्त्यावरनं बघतोय," धोंडप्पा म्हणाला. "बघू दे की मग. रान सोडून गेली ती मानसं कसं ठिवून गेली ते बघू दे."

रुद्रम्मानं त्याच्याकडं बघितलं. नाक पदराला पुसलं. मग ती उठली, चिखलात पडलेलं खुरपं उचललं आणि त्याच्या पुढं होऊन रस्त्याकडं चालायला लागली.